डोक्यापुरती जागा

एम-सहा ॲलन बोल्टाचं डोकं ६ मिलिमीटर उंच असतं. एम-आठचं ८, एम-दहाचं १०, एम-बाराचं १२. ज्या कुणी हे ठरवलं त्याला माझा दंडवत. यंत्रकामात पाठ करायच्या गोष्टी इतक्या असतात, की त्यातली एखादी आपोआप लक्षात राहावी एवढी दया सहसा कुणी दाखवत नाही. ही दयाही उंचीपुरतीच. रुंदीला ती लागू नाही. एम-सहाचं डोकं १० मिलिमीटर रुंद, एम-आठचं १३, एम-दहाचं १६, एम-बाराचं १८. म्हणजे तीन वाढले, पुन्हा तीन वाढले आणि मग एकाएकी दोनच. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही. म्हणून प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोच्या शेजारी, बोटांच्या ठशांनी काळपट झालेला एक तक्ता असतो. उदबत्ती दोघांना मिळून एकच.

त्या तक्त्यातला एक रकाना हा आजचा विषय. बोल्टाच्या दांडीसाठी प्लेटमधून एक अरुंद भोक आरपार जातं. त्याच केंद्रावर, वरच्या बाजूने, रुंद आणि सपाट तळाचं दुसरं भोक घेतात. बोल्ट आवळला की त्याचं डोकं या दुसऱ्या भोकात बसतं आणि प्लेटच्या वर काही उरत नाही. याला काउंटर बोअर म्हणतात. एम-सहाला हे भोक ११ मिलिमीटरचं, एम-आठला १५ चं, एम-दहाला १८ चं. ऐकायला काम किरकोळ वाटतं. ज्याने ते ॲल्युमिनियममध्ये, साध्या पिलर ड्रिलवर, जॉब न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या देखत केलं आहे, त्याच्या तोंडून मात्र किरकोळ हा शब्द मी कधी ऐकला नाही.

भोसरीच्या एका शेडमध्ये ड्रॉइंगं घेऊन जाण्याचा माझा बरीच वर्षं परिपाठ होता. तिथले मिस्त्री कागद हातात घेतला की मापांकडे बघायच्या आधी एकच प्रश्न विचारत.

"साहेब, हितनं वरनं काही जाणार हाय का?"

जाणार असेल तर पुढचं बोलणं व्हायचं. जाणार नाही म्हटलं की ते कागद खाली ठेवत आणि म्हणत, "मग कशापायी बुडवताय बिचाऱ्याला?"

बिचारा म्हणजे बोल्ट. सुरुवातीला मला हा कामचुकारपणाचा सभ्य प्रकार वाटायचा. बोल्ट बुडवला नाही की मिस्त्रींचा निम्मा वेळ वाचतो, हे तर उघडच होतं. पण डोकी बुडवण्याचा इतिहास थोडा चाळला तेव्हा लक्षात आलं, की या विषयातला मूळ प्रश्न तोच आहे आणि शहाण्या माणसांनी तो आधीपासून विचारलेला आहे.

वरून जाणाऱ्यांत पहिला नंबर माणसाचा. विजेच्या मोटारी प्रत्येक मशिनला लागायच्या आधी कारखान्याच्या छताखालून एक लांबलचक शाफ्ट फिरत असे. त्यावर पुल्या, आणि पुल्यांवरून खाली मशिनकडे आलेले चामडी पट्टे. पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून तिच्यात चौकोनी डोक्याचा एक स्क्रू आवळलेला असायचा आणि त्याचं डोकं बाहेर डोकावत राहायचं. शाफ्ट थांबलेला असताना ते दिसे. फिरायला लागला की नुसती धूसर गोलाई दिसे, डोकं दिसत नसे. तेल घालायला वर चढलेल्या कामगाराची बाही त्यात अडकली तर पुढे काय होई ते सांगायला नको. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या विल्यम ॲलन या गृहस्थांना १९१० साली एका रीतीचं पेटंट मिळालं. स्क्रूला बाहेर डोकं ठेवायचंच नाही, त्याच्या पोटात षटकोनी खळगा दाबून काढायचा आणि आवळायचा पाना त्या खळग्यात घालायचा. हे स्क्रू सुरक्षित स्क्रू म्हणूनच विकले गेले. आज सायकलचं हँडल किंवा खोक्यातून आलेलं टेबल जुळवताना आपण ॲलन की शोधत घरभर फिरतो, तेव्हा ती मुळात कुणाची तरी बाही वाचवायला जन्मली हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ती सापडत नाही एवढंच ध्यानात असतं.

पुढे या स्क्रूला डोकं परत आलं, पण गोल आणि मधे खळगा असलेलं. बुडवायला हे डोकं एकदम सोयीचं, कारण पाना आतून लागतो. नेहमीचा षटकोनी डोक्याचा बोल्ट बुडवायचा म्हटलं तर नुसत्या डोक्याला जागा देऊन भागत नाही, त्याच्याभोवती बसणाऱ्या बॉक्स पान्यालाही जागा द्यावी लागते आणि भोक ऐसपैस होत जातं. पाहुण्याबरोबर त्याच्या ड्रायव्हरचीही झोपायची सोय करण्यातला हा प्रकार. ॲलन बोल्ट एकटा येतो.

दुसरा नंबर वाऱ्याचा. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्पिटफायर हे लढाऊ विमान घडत होतं. अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचं, पत्रे रिव्हेटांनी जोडलेले. रिव्हेटचं डोकं गोल आणि वर ठेवलं तर काम स्वस्तात आणि भराभर होतं. पत्र्याच्या पातळीत बुडवलं तर वारा बिनतक्रार वाहतो, पण मजुरी वाढते. विमानभर सगळीच डोकी बुडवायची की काही ठिकाणी सूट घेता येईल, हे कागदावर सुटेना. तेव्हा त्या मंडळींनी बुडवलेल्या रिव्हेटांच्या विमानावर, रिव्हेटागणिक, वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवला आणि विमान उडवलं. वेग ताशी सुमारे २२ मैलांनी, म्हणजे ३५ किलोमीटरने उतरला. मग थोडी थोडी डाळ काढून पुन्हा पुन्हा उडवून पाहिलं. जिथली डाळ वेगाला नडत होती तिथे रिव्हेट बुडाले, जिथली नडत नव्हती तिथे गोल डोकी राहिली.

ही गोष्ट सांगताना लोक डाळीवर हसतात आणि थांबतात. मला तिचा शेवट अधिक आवडतो. युद्ध तोंडावर आलेलं, वेगाचा एकेक मैल मोलाचा, तरीही त्यांनी सगळी डोकी बुडवली नाहीत. वारा जिथून जातो तिथलीच बुडवली. भोसरीच्या मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग, मी काय येगळं सांगतोय?" आणि हेल्परला चहा सांगितला.

विमानाच्या पत्र्याला काउंटर बोअर चालत नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. पत्रा एवढा पातळ, की सपाट तळ काढायला त्यात पोटच नसतं. तिथे शंकूच्या आकाराचं डोकं आणि तशीच उतरती बैठक, विमानकामात बहुधा १०० अंशांची. फारच पातळ पत्रा असेल तर भोकाची कड कापत नाहीत, दाबून खोलगट करतात. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तिथून निवृत्त झालेला एखादा फिटर शेजारी राहत असेल तर त्याला याबद्दल विचारा. मात्र संध्याकाळ मोकळी ठेवून विचारा.

तिसरा नंबर सरकणाऱ्या वस्तूंचा, आणि आपल्याकडची बहुतेक काउंटर बोअर यांच्यासाठीच होतात. फिक्स्चरच्या प्लेटवर जॉब ठेवायचा असतो, तो डोक्यांवर डुगडुगून चालत नाही. स्लाइडची पट्टी दुसऱ्या पट्टीवरून जाते. कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसणारी पट्टी खाचेत सरकते. इथे बोल्टाचं डोकं केसभर वर राहिलं तरी सगळं अडतं. मिस्त्री अशा ड्रॉइंगवर कधी हुज्जत घालत नसत.

आता प्रत्यक्ष काम.

जर्मनच्या पातेल्याला पडलेले पोचे पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची समजूत असते, की ॲल्युमिनियम मऊ आणि म्हणून सोपं. त्यातलं मऊ हे खरं. पोलाद कापताना ते कुरकुर करतं, तापतं, चिप्स निळ्या पडतात, म्हणजे काय चाललं आहे ते वेळेवर कळतं. ॲल्युमिनियम तोंड उघडत नाही. ते गुपचूप ड्रिलच्या धारेवर चिकटत जातं. थोड्या वेळाने धारेवर धातूचा एक थर बसतो आणि कापायचं काम धार न करता तो थरच करायला लागतो. भोक मापाबाहेर जातं, भिंतीवर ओरखडे उठतात, आणि ड्रिल बाहेर काढून पाहिला तर त्याच्या खाचा बुजून गेलेल्या. शुद्ध ॲल्युमिनियम या बाबतीत सगळ्यांत वाईट. बाजारात ६०६१ किंवा ६०८२ ची प्लेट मिळते. दुसरीला व्यापारी अजून एचई-३० या जुन्या नावाने हाक मारतात. तिच्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेलं असतं आणि भट्टीतून काढून ती कडक केलेली असते. ती शहाण्यासारखी कापली जाते. थोडक्यात, हा धातू जितका मऊ तितका छळतो.

चिकटू नये म्हणून त्यावर रॉकेल सोडतात. रॉकेल आपल्या स्वयंपाकघरांतून केव्हाच गेलं, पण शेडमध्ये पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ते अजून मानाने उभं असतं. कटिंग ऑइल चालतं, पांढरं पाणी म्हणजे कूलंटही चालतं. मिस्त्रींचा विश्वास रॉकेलवर. कोरडं मारू नये, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

दुसरी अडचण ड्रिलच्या नाकाची. साध्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं, त्यामुळे भोकाचा तळ शंकूसारखा उतरता होतो. ११ मिलिमीटरच्या ड्रिलचं टोक त्याच्या खांद्यांपेक्षा साधारण ३.३ मिलिमीटर पुढे असतं. ॲलन बोल्टाचं डोकं खालून सपाट. सपाट डोकं उतरत्या तळावर ठेवलं की ते फक्त कडेच्या एका बारीक रेघेवर टेकतं, बाकी सगळं अधांतरी. आवळताना हे कळत नाही, उलट छान घट्ट झाल्यासारखं वाटतं. ॲलन बोल्टाच्या डोक्यावर बहुधा १२.९ असा आकडा असतो. त्यातले १२ म्हणजे हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला १२०० न्यूटनच्या आसपास ओढ सोसतो, आणि ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येतो. कडक केलेलं ६०६१ सुमारे २७५ ला हार मानतं. या दोघांच्या कुस्तीत त्या बारीक रेघेचं काय होणार? ती चेपते. आज घट्ट बसलेला बोल्ट चार दिवस मशीन थरथरलं की सैल होतो, मग लोक बोल्टाला दोष देतात, बोल्टाच्या कंपनीला देतात, ज्याने आवळला त्याला देतात. तळाशी डोकावून कुणी पाहत नाही.

म्हणून तळ सपाट हवा. त्यासाठी काउंटर बोअरचं खास हत्यार मिळतं, पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. खाली गुळगुळीत पायलट, वर सपाट धारांचा कटर. पायलट लहान भोकात जातो, कटरला वाट दाखवतो आणि दोन्ही भोकं एका केंद्रावर येतात. हे हत्यार हाताशी असेल तर लहान भोक आधी. यात वाद नाही.

वाद ते हत्यार नसेल तेव्हा सुरू होतो, आणि ते बहुधा नसतंच, कारण शेजारच्या शेडने नेलेलं असतं. एका पंथाचे लोक तरीही लहान भोक आधी पाडतात आणि मग त्याच भोकावर ११ चा साधा ड्रिल धरतात. हा पंथ मोठा आहे, पण त्याच्या अनुयायांना जपून राहावं लागतं. मधला धातू आधीच गेल्याने मोठ्या ड्रिलच्या टोकाला टेकायला जागाच उरत नाही. त्याच्या दोन्ही धारा एकदम कडांना भिडतात, आणि ड्रिल कापत कापत जायच्या ऐवजी स्क्रूसारखा स्वतःला आत ओढून घेतो. हँडल हातातून खाली जातं. ६.५ मिलिमीटरवर थांबायचं ठरलेलं असताना ९ वर थांबावं लागतं, तेही थांबता आलं तर. प्लेट व्हाइसमध्ये न धरता हाताने धरलेली असेल तर तिचा पंखा होतो. आणि ड्रिलपाशी हातमोजे घालू नयेत हे याच वेळी आठवतं, ते आधी आठवलेलं बरं. अडकलेली बाही विल्यम ॲलननी वाचवली, अडकलेला मोजा त्यांच्या पेटंटात बसत नाही.

दुसरा पंथ मोठं भोक आधी पाडणाऱ्यांचा. ११ च्या ड्रिलचे खांदे ठरल्या खोलीच्या थोडे अलीकडेच थांबवायचे. तळाशी जो शंकू तयार होतो त्याच्या बरोबर मध्यावर ६.६ चा ड्रिल आपोआप टेकतो, तो आरपार काढायचा. मग एक जुना, झिजलेला ११ चा ड्रिल ग्राइंडरवर धरून त्याचं नाक साफ सपाट केलेलं असतं, त्याने ठरल्या खोलीपर्यंत जाऊन तळ सरळ करायचा. आता त्याला भोकाच्या भिंतींचा आधार असतो, त्यामुळे तो इकडेतिकडे जात नाही. आमचे मिस्त्री या पंथाचे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे नाक कापलेले ड्रिल ओळीने मांडलेले असत आणि त्यांना हात लावायची परवानगी हेल्परला नव्हती. मलाही नव्हती.

मिलिंग मशीन असेल तर हा सगळा वाद मिटतो. मधोमध कापणारी एंडमिल सरळ खाली उतरवली की तळ सपाट मिळतो आणि खोली डायलवर वाचता येते. पण मिलिंगवाल्याकडे नंबर लागतो. काही उत्साही लोक मग तीच एंडमिल पिलर ड्रिलच्या चकमध्ये धरतात. चकची बैठक बाजूचा दाब सोसायला बनलेलीच नसते. एंडमिल भटकते, आणि मनात आलं तर चकसकट खाली येते.

वेगाचंही असंच आहे. ॲल्युमिनियममध्ये लहान ड्रिल भरधाव चालतो, म्हणून माणूस त्याच पट्ट्यावर मोठा कटर लावतो आणि मशीन गाऊ लागतं. त्या आवाजाला चॅटर म्हणतात. तळावर पाकळ्या उमटतात, भोक गोल राहत नाही. वेग निम्म्याच्याही खाली आणायचा, हात संथ पण ठाम ठेवायचा आणि मधेच थांबून धार चाटत बसू द्यायची नाही. दोन धारांचा ड्रिल पातळ पत्र्यात तीन कोपऱ्यांचं भोक पाडतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भूमितीबद्दलच शंका आली होती. मिस्त्रींना भूमितीबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी पट्टा बदलला.

खोली किती, हा प्रश्न वरकरणी सोपा. डोकं ६, तर भोक ६.५. तो वरचा अर्धा मिलिमीटर बोल्टाच्या मापातल्या फरकाला, तळाच्या थोड्या अधिकउण्याला आणि मनःशांतीला. मिस्त्री वर्निअरने मोजत, गिऱ्हाइकासमोर आवर्जून मोजत, पण निकाल देत तो अंगठ्याच्या नखाने. बोल्ट आवळायचा, नख प्लेटवरून सरकवायचं. अडलं तर जॉब नापास.

गंमत प्लेटच्या जाडीशी गाठ पडली की होते. १० मिलिमीटरची प्लेट आणि एम-आठचा बोल्ट. डोक्याला ८.५ खोल गेलं की खाली उरतं दीड मिलिमीटर, आणि या दीड मिलिमीटरने १२.९ च्या बोल्टाची सगळी ओढ झेलायची. "बोल्ट ऱ्हाईल साहेब, प्लेट जाईल," असं मिस्त्री म्हणत, आणि ते ड्रॉइंग माझं नसलं तरी मी खाली बघे. त्यावर उतारा आहे. बुटक्या डोक्याचे ॲलन बोल्ट मिळतात, एम-सहाचं डोकं ४ आणि एम-आठचं ५ मिलिमीटर. त्यांचा खळगा उथळ असतो, फार जोर लावला तर कोपरे गोल होतात. पण निदान प्लेट जागेवर राहते.

शंकूच्या डोक्याचा बोल्ट वापरा, असा सल्ला इथे कुणीतरी देतोच. तो कमी खोलीत बसतो, हे खरं. पण त्याचा स्वभाव हट्टी. उतरत्या बैठकीमुळे तो स्वतःला बरोबर मध्यावर ओढतो. एकच बोल्ट असेल तर उत्तम. चार असतील आणि भोकांची जागा किंचित चुकलेली असेल, तर चौघेही आपापलं केंद्र बरोबर म्हणतात आणि प्लेट ताणून धरतात. सपाट तळाचा ॲलन बोल्ट ६.६ च्या भोकात ६ ची दांडी घेऊन बसतो. त्याला इकडेतिकडे व्हायला थोडी जागा असते आणि तो जमवून घेतो. सहकारी गृहसंस्थेच्या कार्यकारिणीत मी नेहमी दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मत देतो.

भोक झालं म्हणजे काम झालं असं नाही. लहान भोकाच्या कडेला, तळाशी, एक बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कंगोरी, राहते. शिवाय बोल्टाच्या दांडीला डोक्याखाली किंचित गोलाई असते. भोकाची कड धारदार ठेवली तर ती गोलाई कडेवर चढते आणि डोकं तळाला टेकतच नाही. त्या कडेला हलकी चँफर मारायला एक क्षण लागतो, आणि तोच क्षण सगळे वाचवतात. चिपचा एक तुकडा खाली राहिला तरी तोच परिणाम. फुंकर मारून तो जात नाही, डोळ्यात जातो. ब्रश वापरावा.

ब्रशने झाडलेला तो चकचकीत कीस पोत्यात जातो आणि भंगारवाला किलोवर घेऊन जातो. या धातूने फार वेगळे दिवस पाहिले आहेत. १८८४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा मुकुट बसवला, तेव्हा तो दुर्मीळ धातू होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी एकमेकांना न विचारता विजेने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच रीत शोधली आणि भाव कोसळला. दोघांचा जन्म १८६३ चा, दोघांचा मृत्यू १९१४ चा. पत्रिका पाहणाऱ्यांनी यावर काम करायला हरकत नाही. आमच्यापुरतं एवढंच, की एके काळी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला हा धातू आता दुसऱ्यांची डोकी पोटात घेतो.

एवढ्या कष्टाने केलेल्या भोकात पुढे काय साठतं? उघड्यावर असेल तर पाणी. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विनोद इथे आयता समोर येतो. तो मी करणार नाही, पुण्यात त्याला आता कुणी हसत नाही. पाणी साठलं की काळा ॲलन बोल्ट गंजतो. स्टेनलेसचा घातला तर बोल्ट शाबूत राहतो आणि भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं, कारण ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की त्यातला एक झिजतो. कोकणात, समुद्राच्या हवेत, हे लवकर दिसतं. घरात असेल तर खळग्यात धूळ आणि रंग भरतो, आणि बोल्ट उघडायची वेळ आली की टाचणी घेऊन तो आधी उकरावा लागतो. प्लेट काळी ॲनोडाइझ करून आणायची असेल तर भोकं त्याआधी पाडावीत. नंतर पाडली तर प्रत्येक बोल्टाभोवती पांढरी कडी दिसते. शिवाय ॲनोडाइझचा थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, माणिक ज्याचं बनतं तोच पदार्थ, आणि त्यावर ड्रिलची धार किती टिकणार ते सांगायला नको.

हे सगळं ललित लेखनात बसतं का, असं कुणी विचारील. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघालं ते नांगर करणाऱ्या कारखान्यातून, आणि मराठी वाचकाने ते आवडीने वाचलं. त्यामुळे मी निर्धास्त आहे.

निर्धास्त नाही तो नव्या ड्रॉइंगांबद्दल. पूर्वी काउंटर बोअर दाखवायचं तर पेन्सिलीने दोन जादा रेघा आणि एक माप घालावं लागे, त्यामुळे माणूस विचार करी. आता संगणकावर भोकाच्या यादीतून एक प्रकार निवडला की चोवीसच्या चोवीस भोकं बुडतात. का बुडवली, तर स्वच्छ दिसतं म्हणून. कंट्रोल बॉक्सच्या मागची, भिंतीकडे तोंड करून आयुष्य काढणारी प्लेट, तिच्यावरचीही डोकी बुडवलेली मी पाहिली आहेत. तिथून ना हात जात, ना वारा, ना पट्टी. पाल जाते, पण तिने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा ड्रॉइंग काढणाऱ्या तरुण मंडळींना एक विनंती. वरून काही जाणार नसेल तर डोकं वर राहू द्या आणि त्याखाली एक वॉशर घाला, ॲल्युमिनियमला तो मानवतो. बुडवायचंच असेल तर प्लेट जाड घ्या, आणि तळ सपाट हवा हे कागदावर अक्षरांत लिहा. चिन्ह फार बारीक छापलेलं असतं आणि मिस्त्रींचा चष्मा घरी राहिलेला असतो.